छत्रीवाल्या बाईचा नकार

सन दोन हजार अठरा, जानेवारीची एकवीस तारीख, वार रविवार, वेळ दुपारी तीन. स्थळ डहाणू, खाडीच्या काठावरचे मच्छीमार सोसायटीचे सभागृह, जिल्हा पालघर. ही सर्व माहिती दिपकने दाराशी टांगलेल्या काळ्या फळ्यावर स्वतःच्या हाताने, एकही अक्षर ओळीखाली उतरू न देता, लिहिली होती. तिच्याखाली ‘एक जुना जपानी कौटुंबिक चित्रपट’ एवढेच शब्द होते. चित्रपटाचे मूळ नाव त्याने मुद्दाम गाळले, कारण ते उच्चारताना त्याचीच जीभ दोन ठिकाणी अडखळे. आणि जे आपल्याला धड म्हणता येत नाही ते दुसऱ्यापुढे वाचायला ठेवू नये, असे त्याचे मत होते.

दिपक तलासरी तालुक्यातल्या एका पाड्यावर शाळामास्तर होता. वय एकतीस. महिन्याच्या तिसऱ्या रविवारी तो जीपने डहाणूला येई आणि नारू चिमण तांडेल या सेवानिवृत्त कारकुनाच्या सोबतीने या सभागृहात परमुलखातला एखादा चित्रपट दाखवी. यंत्र नारूकाकांचे, वाणी दिपकची. पडद्याच्या तळाशी इंग्रजी ओळी उमटत. पण मासळी विकून आलेल्या बायकांना आणि जाळी विणून आलेल्या म्हाताऱ्यांना त्यांचा काय उपयोग? म्हणून दिपक पडद्याशेजारी उभा राही, हातात छोटी विजेरी धरी आणि वहीत आधीच उतरवून ठेवलेला मराठी अनुवाद पात्रांच्या पाठोपाठ मोठ्याने वाची. प्रत्येक वाक्याला क्रमांक असे. या जपानी चित्रपटाची वाक्ये पाचशे सदतीस होती आणि त्यांना दोन शंभरपानी वह्या लागल्या होत्या.

या वह्यांवरून दोघांत वाद होत नसे असा आठवडा जात नसे. म्हाताऱ्या आईने थोरल्या मुलाला ‘तू’ म्हणावे की ‘तुम्ही’, यावर मागल्या आठवड्यात त्यांनी तीन संध्याकाळी फोनवर घालवल्या होत्या. मात्र एका नियमावर त्यांचे कधीच दुमत झाले नव्हते. तो नियम नारूकाकांनी पहिल्याच दिवशी घालून दिला होता: पडद्यावरच्या माणसाच्या तोंडी आपले शब्द घालायचे नाहीत. त्याला जे म्हणायचे असेल ते त्याने म्हणावे; आपण फक्त पोचवावे.

तीनला दहा मिनिटे कमी असताना दिपक ध्वनिक्षेपक तपासत होता. तेवढ्यात दारातून निलम आत आली. कासा येथे परिचारिकेचे काम करणारी, मोजके बोलणारी ही मुलगी होळीनंतर आठव्या दिवशी त्याची बायको व्हायची होती. तिच्या मागे हाल्या, दिपकचा बाप, डोक्यावर नवी टोपी. आणि हाल्याच्या मागे शुक्री, दिपकची आई.

“म्हटलं, मुलगा रविवारी काय करतो ते आईबाबांनी एकदा तरी बघावं,” निलम म्हणाली. “पुढची खुर्ची रिकामी आहे ना?”

दिपकने ध्वनिक्षेपक खाली ठेवला आणि वही जवळ ओढली. त्याचे कारण निलमला ठाऊक नव्हते, आणि ते समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

हाल्या आणि शुक्री छत्तीस वर्षे एका छपराखाली राहत होती, पण त्यांचे लग्न झालेले नव्हते. त्यांच्या आदिवासी समाजात यात कुणाला कमीपणा वाटत नाही. मुलगी घरी येते, संसार सुरू होतो. लग्नाचे विधी जमेल तेव्हा होतात. हाल्या-शुक्रीचे जमता जमता राहिले. पहिल्या वर्षी भात हाती लागले नाही. लग्न पुढच्या वर्षावर गेले. पुढच्या वर्षी सासू वारली. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी काही. मग दिपक झाला, शाळेत गेला, मास्तर झाला, आणि ते ‘पुढचे वर्ष’ जसेच्या तसे उभे राहिले.

एक नियम मात्र समाजात पक्का होता: आईबापाचे लग्न लागल्याशिवाय मुलाच्या अंगाला हळद लागत नाही. दिपकने, वक्तशीर माणसाच्या स्वभावाला अनुसरून, याची व्यवस्थित आखणी केली होती. सकाळी आईबापाचे लग्न, दुपारी आपले. मांडव एक, जेवण एक, लग्न लावणारी आणि विधीची गाणी म्हणणारी धवलेरी रखमी एक, आणि भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढायचा लग्नाचा चौकही एकच. अनेक घरांत असेच करतात. हाल्याने मान डोलावली. शुक्री म्हणाली, “मला नाय करायचं लगीन.”

तिला तीनदा विचारले. तिन्ही वेळा तेच उत्तर, कारण एकदाही नाही. इकडे निलमच्या वडिलांनी निरोप पाठवला की होळीच्या आधी निश्चित काय ते कळवा, नाहीतर आपण पुढच्या वर्षी पाहू. दुसऱ्या कुणाला हा निरोप समजूतदारपणाचा वाटला असता. दिपकला तो ऐकून रात्रभर झोप लागली नाही. पुढचे वर्ष ही काय चीज असते, हे त्याने जन्मापासून आपल्या घरात पाहिले होते.

आणि आज जो चित्रपट दाखवायचा होता, त्यात नेमकी अशीच एक आई होती.

कथा साधी होती. डोंगराकडच्या एका लहान गावात बांबूच्या आणि तेलकागदाच्या छत्र्या बनवणारी एक विधवा. थोरला मुलगा शहरात, धाकटा तिच्याजवळ. धाकट्याचे लग्न ठरते. नव्या जोडप्याला खोली हवी, म्हणून मुले आपसांत ठरवतात की दुकान मोडावे आणि आईला शहरात न्यावे. सगळे अतिशय आदबीने बोलतात. कुणी आवाज चढवत नाही. सामान न्यायला हातगाडीसुद्धा ठरते. शेवटी थोरला तिच्यासमोर गुडघे टेकून बसतो, ठरलेले सगळे सांगतो, आणि ती नाही म्हणते. चारशे बारावे वाक्य. ते वहीत उतरवताना दिपकला इतके आवडले होते की त्याने त्याखाली रेघ मारली होती. त्या वेळी त्याला आपली आई आठवली नव्हती. आता ती पहिल्या रांगेत, पदर गुडघ्यावर नीट घेऊन, पडद्यापासून आठ हातांवर बसली होती.

चित्रपट सुरू झाला. सुरुवातीचा तास छान गेला. पडद्यावर बाई बांबू चिरू लागताच हाल्या खुर्चीतून पुढे वाकला.

“ओला आहे बांबू,” तो शेजारच्यांना ऐकू जाईल असा म्हणाला. “वाळला की फाकेल. त्या बाईला सांगा कोणी.”

“साठ वर्षांपूर्वीचा बांबू आहे बाबा, वाळला असेल आतापर्यंत,” निलम हळूच म्हणाली.

मागच्या रांगेत चिखले गावची जमुना बसली होती. सकाळी बोंबील वाळायला वलांडीच्या दांड्यांवर घालून, दुपारी मोकळी होऊन ती दर महिन्याला येई आणि जमीन आपल्या नावावर असल्यासारखी बसे. तिने मधेच विचारले, “मास्तर, घरात पाहुणे जेवतात, आणि मासळी ताटलीत एवढीशी? गाव समुद्रापासून लांब आहे काय?”

“डोंगरात आहे, जमुनाबाई.”

“मग बरोबर. चालू द्या.”

 दिपकला विजेरीच्या उजेडापलीकडे शुक्रीचा चेहरा नीट दिसत नव्हता; दिसत होते ते तिचे हात. पडद्यावरची बाई कागदाला खळ लावी तेव्हा शुक्रीची बोटे मांडीवर किंचित हलत.

तीनशे ऐंशी. तीनशे नव्वद. थोरला शहरातून आला. चारशे. चहा झाला, हवापाण्याच्या गोष्टी झाल्या. चारशे अकरावे वाक्य दिपकने वाचले: “सोमवारी गाडी येईल, आई. सगळं ठरलं आहे. तुला काही बघावं लागणार नाही.”

पडद्यावर बाईने मान वर केली नाही. कागदाची कड तिने अंगठ्याने दाबून बसवली, कुंचला पाण्यात टाकला, आणि मग शांतपणे काही शब्द उच्चारले. पडद्याच्या तळाशी इंग्रजी ओळ उमटली. वहीत, रेघेच्या वर, दिपकचे स्वतःचे सुबक अक्षर होते: ‘मी इथून जाणार नाही. तुम्ही सगळं ठरवलंत. मला मात्र कुणीच विचारलं नाही.’

आणि दिपकने ध्वनिक्षेपकात म्हटले, “बरं. तुम्ही ठरवलंत ते योग्यच असेल. मी येते.”

शब्द बाहेर पडले आणि परत घेता येईनात. सभागृहात समाधानाची एक हलकी कुजबुज झाली. आई शहाणी निघाली म्हणून कुणालाही बरे वाटतेच. यंत्रामागून नारूकाका एकदाच खाकरले. निलम इंग्रजी वाचू शकत होती. तिने पडद्यावरची नजर काढून दिपककडे वळवली, आणि ती बराच वेळ तिथेच राहिली.

एक वाक्य फिरवले की काम झाले, असे दिपकला त्या क्षणी वाटले होते. चित्रपट अजून अर्धा तास उरला होता हे त्याच्या ध्यानात आले नाही.

पुढच्याच प्रसंगात सोमवार उजाडला. हातगाडी दुकानासमोर येऊन थांबली, गाडीवाल्याने घाम पुसला, थोरल्याने त्याला काही सांगितले, आणि गाडी रिकामीच परत फिरली. गल्लीच्या वळणापर्यंत तिची चाके दिसत राहिली.

“मास्तर,” जमुना म्हणाली, “ती येते म्हणाली ना? मग गाडी रिकामी का गेली?”

दिपकने वहीत पाहिले. वहीत खरे उत्तर होते. “सामान... दुसऱ्या फेरीत नेणार आहेत,” तो म्हणाला.

दुसरी फेरी आली नाही. उलट दुसऱ्या दिवशीची सकाळ झाली, बाईने दुकानाच्या फळ्या एकेक करून काढल्या आणि नेहमीच्या जागी येऊन बसली.

“आता ही कुठली सकाळ? गेली ना ही शहरात?”

“ही आठवण आहे, जमुनाबाई. जुने दिवस आठवतात तिला.”

“आठवणीत पण धाकट्याचे केस नवेच कापलेले?” जमुना म्हणाली. ती मासळीच्या डोळ्यावरून ताजेपणा ओळखणारी बाई. तिच्या नजरेतून काही सुटत नसे.

हाल्याने बायकोकडे झुकून मोठ्या आवाजात विचारले, “तुला कळतंय काय? मला वाटतं ही बाई दोन आहेत.”

शुक्रीची नजर पडद्यावरून हलली नाही.

मग पडद्यावर धाकट्याची नवी नवरी आली. ती सासूशेजारी गुडघ्यावर बसली, कागद धरू लागली, आणि दोघी एकमेकींशी काही बोलल्या. ते बोलणे दिपकच्या वहीत तेवीस वाक्यांचे होते. त्यातले एकही वाक्य आता म्हणण्यासारखे राहिले नव्हते. कारण प्रत्येक वाक्य त्या एका नकारावर उभे होते, आणि नकार त्याने पुसून टाकला होता. त्याने दोन-तीनदा तोंड उघडले. मग वही मिटली, विजेरी विझवली आणि तो तसाच उभा राहिला. शेवटची दहा मिनिटे सभागृहाने निव्वळ जपानी ऐकली. 

दिवे लागले. पाय मोकळे करायला माणसे उठू लागली, तेवढ्यात शुक्री उभी राहिली. ती कधी चारचौघांत बोलत नसे. ग्रामसभेलाही ती दाराबाहेर बसे. आज ती दिपककडे बघून, घरात बोलावे तशा आवाजात म्हणाली:

“ती बाई हो म्हणाली नाय.”

उठलेली माणसे परत बसली.

“आये, तुला जपानी कुठे येतं?” दिपक म्हणाला. हे आपण का विचारले, हे त्याला नंतर कधीच सांगता आले नाही.

“मला बोली नाय येत. पण तिने कुंचला पाण्यात टाकला. जायचं असतं तर पुसून गुंडाळून ठेवला असता. पाण्यात कोण ठेवतं? ज्याला सकाळी परत काम करायचंय तो ठेवतो.”

“बरोबर बोलली,” जमुना म्हणाली.

नारूकाका यंत्रामागून पुढे आले. ध्वनिक्षेपक उचलून त्यांनी दिपकच्या हातात दिला. दिपकने वही उघडली. पान शोधावे लागले नाही. त्याने चारशे बारावे वाक्य जसे लिहिले होते तसे वाचले: “मी इथून जाणार नाही. तुम्ही सगळं ठरवलंत. मला मात्र कुणीच विचारलं नाही.” मग म्हणाला, “हे तिचे शब्द. मघाशी जे मी बोललो ते माझे होते. पुढचंही सगळं माझंच होतं. मला माफ करा.”

“मग तसं सांगायचं ना, मास्तर,” जमुना पिशवी काखेत मारत म्हणाली. “आम्हाला वाटलं, घरात भूत आहे.”

हशा पिकला आणि त्या हशातच माणसे बाहेर पडली. नारूकाका मागे थांबले. “भांडण उद्या,” ते दिपकला म्हणाले. “आज तुझ्यापुढे मोठं काम आहे. जा, ओसरीवर बसलेत ते.”

ओसरी खाडीच्या बाजूला होती. पलीकडच्या काठावर बोंबील जबड्यात जबडा अडकवून ओळीने टांगलेले होते आणि उतरत्या उन्हात त्यांची झालर किंचित हलत होती. हाल्या कागदावर भजी घेऊन बसला होता. त्याच्या शेजारी शुक्री, तिच्याशेजारी निलम. दिपक समोरच्या पायरीवर बसला. मुलांना शिकवताना तो वाक्य आधी मनात पूर्ण करून मग बोले. आता त्याच्या मनात एकही वाक्य पूर्ण होईना.

“निलमला इंग्रजी वाचता येतं,” शेवटी तो म्हणाला. “तिला विचारलं असतंस तर तेव्हाच कळलं असतं तुला.”

“म्हणून तर नाय विचारलं,” शुक्री म्हणाली. “तिनं तुझी बाजू घ्यायची की माझी? घरात यायच्या आधीच पोरीला पेचात टाकायचं?”

निलमने खाली पाहिले. “मी तुमची घेतली असती,” ती म्हणाली.

“घेतली असतीस. म्हणून नाय विचारलं.”

हाल्याने भजीचा कागद दिपकपुढे सरकवला. “खा. तिखट आहे, पण बरं आहे. माझं ऐकशील तर, ती नाय म्हणते तर नाय. मी काय, छत्तीस वर्षं हळदीला तयार बसलोय, अजून दहा बसेन. मला घाई नाय.”

“तुला कसली घाई,” शुक्री म्हणाली. “तू झाडाखाली बसलास तरी तुला घाई नसते.”

दिपकने भजी घेतली नाही. त्याने आईकडे पाहिले. आपण तिला तीनदा विचारले, असे तो गेला महिनाभर सगळ्यांना सांगत आला होता. आणि आता, त्या पायरीवर बसून, त्याने ते तिन्ही प्रश्न मनात पुन्हा म्हणून पाहिले. पहिल्यांदा त्याने तारीख सांगितली होती. दुसऱ्यांदा मांडव कुठे घालायचा ते सांगितले होते. तिसऱ्यांदा, निलमच्या वडिलांना काय कळवू, असे विचारले होते. तिन्ही वाक्यांच्या शेवटी प्रश्नचिन्ह देता आले असते, पण त्यांतला एकही प्रश्न तिला नव्हता.

“आये,” तो म्हणाला, “तुला लग्न कसं हवं आहे?”

 पलीकडच्या काठावर एक बाई ओळीतले बोंबील उलटे करीत होती. ती ओळ संपेपर्यंत शुक्री तिकडे बघत राहिली.

“तू झालास, त्याच्या आधीपासून मी पाड्यातल्या प्रत्येक लग्नात तांदूळ वाटते,” ती म्हणाली. “चौकासाठी. पीठ असं वाटते, की रेघ तुटत नाय. रखमीच सांगेल. पण वाटी धरायची मी, आणि काढायच्या सवाशिणी. आमच्या पाड्यात ज्या बाईचं लगीन नाय लागलं, ती चौकाला हात लावत नाय. चौकात मधोमध बसते त्या पालघाट देवीची पहिली रेघ तर नायच. छत्तीस वर्षं मी वाटी धरली. कोणाला काय बोलले नाय. म्हटलं, पोराच्या लग्नाला मी काढीन. त्याच्या आधी माझं झालेलं असेल, मी सवाशीण असेन, माझ्या पोराचा चौक मी काढीन.”

ती थांबली. बोलून दमल्यासारखी नव्हे. उरलेले थोडेच होते म्हणून.

“तू सांगितलंस, सकाळी आमचं, दुपारी तुझं, आणि चौक एकच. चौक आदल्या दिवशी काढतात. आदल्या दिवशी मी कोण? मी परत वाटी धरणारी.”

दिपकला घरी ठेवलेला आखणीचा कागद आठवला. त्याने तो किती नेटका केला होता, वेळा किती बारकाईने बसवल्या होत्या. त्यात ‘चौक: एक’ ही ओळही त्याने रेघ मारून वेगळी काढली होती, खटपट वाचली म्हणून. ज्या एका गोष्टीसाठी त्याच्या आईला लग्न हवे होते, तीच त्याने वाचवलेल्या गोष्टींत धरली होती.

“हे तू मला सांगितलं का नाहीस?” त्याने विचारले.

“असं मागून घ्यायचं असतं काय?” शुक्री म्हणाली. “शेजारणीकडे मीठ मागते मी. पोराच्या चौकाची पहिली रेघ मागू? ती पोराने द्यायची असते. आये, तू काढ, असं म्हणायचं असतं. तू म्हणशील म्हणून महिनाभर थांबले. मग म्हटलं, नसेल म्हणायचं, तर लगीनच नको. नुसतं उरकायचं असेल, तर कशाला?”

हाल्याचा हात भजीवर थांबला होता. “मला पण नाय सांगितलंस,” तो हळू आवाजात म्हणाला.

“तू विचारलंस?”

“नाय,” हाल्याने कबूल केले, आणि टोपी काढून मांडीवर ठेवली.

 मग निलमने बोटांवर दिवस मोजले. “होळी एक मार्चला आहे,” ती म्हणाली. “आजपासून चाळीस दिवसही नाहीत. आईंचं लग्न त्याच्या आधी, फेब्रुवारीत होऊ शकतं. वेगळा दिवस, वेगळा मांडव. आमचं होळीनंतर, ठरलंय त्या दिवशी. माझ्या बाबांना निश्चित उत्तर हवं आहे ना, ते मी आजच देते.”

“रखमी दोनदा येईल का?” दिपकने विचारले.

“रखमी येईल,” हाल्या म्हणाला. “ती गेली वीस वर्षं मला रस्त्यात थांबवून विचारते, तुझं कधी लावू म्हणून. तिला सांगितलं तर ती उद्याच येऊन बसेल. तिला आवरायचं कसं, ते बघावं लागेल.”

शुक्रीच्या ओठांच्या कडा जरा हलल्या. हसली, असे ठामपणे म्हणता येणार नाही.

दिपक पायरीवरून उठला आणि तिच्यासमोर येऊन उभा राहिला. वर्गात शुद्धलेखन तपासताना तो जसा शब्द न शब्द सुटा करी, तसा तो बोलला. “आये, फेब्रुवारीत तुझं आणि बाबांचं लग्न करायचं आहे. तुला चालेल का? आणि होळीनंतर माझ्या लग्नाचा चौक तू काढ. पहिली रेघ तू काढ.”

“आणि तांदूळ कोण वाटणार?” शुक्रीने विचारले.

“मी वाटते,” निलम म्हणाली. “शिकवाल ना?”

“नवरी कुठे तांदूळ वाटते? तुझ्या अंगाला हळद असेल तेव्हा.” शुक्रीने जरा विचार केला. “हा वाटेल. मास्तर. दोन दिवस शाळेला सुट्टी घे. आणि पीठ जाडं राहिलं तर परत वाटायला लावीन.”

“हो,” दिपक म्हणाला.

“मग चालेल.”

नारूकाका दाराला कुलूप लावून ओसरीवर आले. त्यांनी एकेकाचा चेहरा पाहिला आणि काय झाले असेल ते विचारले नाही. विचारले ते दुसरेच. “दिपक, पुढच्या महिन्यात हाच चित्रपट पुन्हा लावायचा. चारशे बारापासून शेवटपर्यंत, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. जमुना सगळ्या चिखल्याला घेऊन येणार आहे. म्हणते, खरी गोष्ट राहिली बघायची.”

“लावू,” दिपक म्हणाला. जीप सुटायला थोडा वेळ होता. निलमला कासाकडची गाडी धरायची होती. हाल्याने उरलेली भजी कागदात गुंडाळून खिशात घातली, आणि शुक्री गुडघ्यांवर हात टेकून उठली. दिपकने तिला हात दिला. तो तिने घेतला.

“महिनाभर मी सगळ्यांना सांगत होतो, की आये ऐकत नाही,” तो चालता चालता म्हणाला. “म्हणजे चूक माझी होती.”

“होय,” शुक्री म्हणाली. “तुझीच होती.”